गावातल्या लॅपटॉपवर पोस्टग्रेस: सोर्स उतरवण्यापासून पहिला पॅच पाठवेपर्यंत

"नेट धड नाही, लाइन कधी जाईल नेम नाही, अन् तू डेटाबेसच्या कोडात काऊन हात घालतं बे?" हा प्रश्न मला पारावर तर विचारलाच, पण नागपूरच्या मित्रांनीही विचारला. मी राहतो यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात. शेतीच्या फीडरला थ्री फेज कधी दिवसा तर कधी रात्री, गावातली लाइन वारा सुटला की गायब, आणि मागच्या वर्षी पाइपलाइनसाठी रस्ता खोदताना फायबर तुटली ती अकरा दिवस तशीच होती. त्या अकरा दिवसांतच माझा पहिला पॅच, म्हणजे कोडातला बदल मांडणारी फाइल, तयार झाला. पोस्टग्रेसचं काम कसं चालतं हे कळलं की यात नवल वाटणार नाही.

पोस्टग्रेसक्यूएल, थोडक्यात पोस्टग्रेस, हा डेटाबेस १९८६ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या प्रकल्पातून सुरू झाला. १९९६ पासून तो आजच्या नावाने जगभरच्या लोकांच्या हातात आहे. एकाच कंपनीच्या मालकीचा नाही, लायसन्स अगदी मोकळं. आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. इथे बदल अजूनही ईमेलने जातो. वेबसाइट उघडी ठेवून बटणं दाबत बसावं लागत नाही. कोड एकदा उतरवला की बांधणी (म्हणजे कोडातून चालणारा प्रोग्राम तयार करणं), चाचणी, लिखाण सगळं नेटशिवाय होतं. मेलही लिहून ठेवायचा आणि रेंज आली की पाठवायचा. नव्या पोरांना ही पद्धत जुनाट वाटते. मला ती खेड्यासाठीच केल्यासारखी वाटते.

एक सूचना आधीच. या लेखात आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या नेहमीच्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

काय काय लागतं

चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप चालतो, आठ असेल तर उत्तम. डिस्कवर दहाएक जीबी मोकळी ठेवा. लिनक्स असलेला बरा. विंडोज सोडायचं नसेल तर त्यातच डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) टाकून घ्या. सी भाषा थोडीफार वाचता आली पाहिजे. लिहिता येणं पुढे जमतं.

उबुंटूवर ही पॅकेजेस घ्या: बिल्ड-इसेन्शिअल, गिट (कोडातल्या बदलांचा इतिहास सांभाळणारं साधन), बायसन, फ्लेक्स, पर्ल, पीकेजी-कॉन्फिग, लिबरीडलाइन-डेव्ह, झेडलिब१जी-डेव्ह, लिबआयसीयू-डेव्ह, जीडीबी आणि सीकॅश. आयसीयू (निरनिराळ्या भाषांचे नियम जाणणारी लायब्ररी) विसरू नका. पोस्टग्रेसच्या आवृत्ती १६ पासून बांधणी ते आपणहून मागते आणि नसेल तर तिथेच अडते. सीकॅश सक्तीचं नाही, पण तेच तेच पुन्हा कंपाइल होण्याचा वेळ वाचवतं. इन्व्हर्टरवर बसणाऱ्याला त्याची किंमत कळते.

आणि उन्हाळा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला असताना दुपारी सगळे कोर लावून बांधणी केली तर लॅपटॉप आधी मंदावतो, मग बंद पडतो. माझा पडला आहे. पहाटे करा, नाहीतर कूलरसमोर.

सोर्स उतरवताना

खेड्यातला माणूस पहिल्यांदा इथेच अडतो, म्हणून जरा थांबून सांगतो. मूळ कोड प्रकल्पाच्या स्वतःच्या गिट सर्व्हरवर असतो आणि त्याचा मिरर, म्हणजे हुबेहूब प्रत, गिटहबवर असतो. पूर्ण इतिहासासकट उतरवायला घेतलं तर शेकडो एमबी होतात, आणि गिट क्लोन मध्येच तुटलं तर ते पुढून सुरू होत नाही, पहिल्यापासून घ्यावं लागतं. नव्वद टक्क्यांवर रेंज गेली की सारा डेटा पाण्यात.

म्हणून आधी फक्त ताजा कोड घ्या, गिटहबच्या मिररवरून:

गिट क्लोन --डेप्थ १, आणि पुढे मिररचा पत्ता

हे थोडक्यात उतरतं. मग रोज रात्री रेंज बरी असताना इतिहास थोडाथोडा खाली आणा:

गिट फेच --डीपन ५००

एखादा हप्ता तुटला तर तेवढाच पुन्हा. पुरेसं मागे गेलात की एकदा "गिट फेच --अनशॅलो" देऊन उरलेलं पूर्ण करा. इतिहास लागतोच, कारण कोडातली एखादी ओळ अशी का लिहिली याचं उत्तर बहुतेक वेळा जुन्या कमिटच्या (गिटमध्ये नोंदलेल्या बदलाच्या) संदेशात असतं, आणि पोस्टग्रेसचे कमिट संदेश सविस्तर असतात.

दुसरा मार्ग पेनड्राइव्हचा. शहरात चांगल्या नेटवर असलेल्या मित्राला "गिट बंडल क्रिएट" चालवायला सांगा. सगळा इतिहास एका फाइलमध्ये येतो. ती फाइल एसटीने आली तरी चालते आणि तिच्यावरून साधं गिट क्लोन होतं. माझ्याकडे तशीच आली होती, संत्र्याच्या पेटीचे रिकामे खोके परत येतात त्या गाडीने.

बांधणी

सोर्सच्या फोल्डरमध्ये जाऊन:

./कॉन्फिगर --प्रीफिक्स=$होम/पीजी --एनेबल-डीबग --एनेबल-कॅसर्ट --एनेबल-टॅप-टेस्ट्स

प्रीफिक्स घरच्याच फोल्डरचा ठेवा, म्हणजे सिस्टिमला धक्का लागत नाही आणि नको झालं की फोल्डर उडवून मोकळं होता येतं. कॅसर्टमुळे कोडातल्या आतल्या तपासण्या चालू होतात. डेटाबेस मंदावतो, पण चूक जिथल्या तिथे पकडली जाते. अशा बांधणीवर वेग मोजून "पोस्टग्रेस स्लो आहे" असं कुठे लिहू नका, हसं होतं. टॅप चाचण्यांसाठी पर्लचं एखादं मॉड्यूल मागितलं गेलं तर तेही टाका.

नंतर "मेक -जे४", मग "मेक चेक", मग "मेक इन्स्टॉल". मेक चेक तात्पुरता सर्व्हर उभा करून दोनशेच्या वर चाचण्या चालवतो आणि शेवटी सगळ्या पास झाल्याची ओळ देतो. एखादी पडली तर रिग्रेशन डॉट डिफ्स या फाइलमध्ये अपेक्षित काय होतं आणि आलं काय हे दिसतं. हल्ली मेसन आणि निन्जा वापरूनही बांधणी होते, ती वेगवान आहे. पण जुन्या लेखांतली उत्तरं मेकच्या भाषेत असतात, म्हणून पहिल्यांदा हाच रस्ता.

आता सर्व्हर. डेटा ठेवायची जागा तयार करायची:

$होम/पीजी/बिन/इनिटडीबी -डी $होम/पीजीडेटा

रूट म्हणून चालवाल तर इनिटडीबी नकार देतो, ते बरोबरच आहे. मग "पीजी_सीटीएल -डी $होम/पीजीडेटा -एल लॉग स्टार्ट". इथे दोन फसवण्या ठरलेल्या आहेत. तुमच्या मशीनवर आधीच एपीटीने टाकलेला पोस्टग्रेस चालू असेल तर ५४३२ पोर्ट त्याने धरलेला असतो, मग आपला ५४३३ वर सुरू करा. दुसरी जास्त चावते. आपण बांधलेला सर्व्हर सॉकेट /टीएमपी मध्ये ठेवतो, तर उबुंटूचा पीएसक्यूएल (सर्व्हरला जोडून आज्ञा द्यायचा प्रोग्राम) ते /व्हार/रन/पोस्टग्रेसक्यूएल मध्ये शोधतो. सर्व्हर चालू आहे, तरी "कनेक्शन फेल्ड" येतं आणि माणूस तासभर केस उपटतो. उपाय सोपा आहे. पाथमध्ये, म्हणजे आज्ञा शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, आपलं बिन फोल्डर सगळ्यात पुढे लावा, म्हणजे पीएसक्यूएलही आपलाच चालेल.

अजून एक. काही आठवड्यांनी गिट पुल करून पुन्हा बांधलंत आणि सर्व्हर जुनी डेटा डिरेक्टरी घ्यायला तयार झाला नाही, तर घाबरू नका. कॅटलॉग, म्हणजे डेटाबेसच्या स्वतःबद्दलच्या नोंदींची टेबलं, बदलला असतो. चाचणीचा डेटा आहे, पुसा आणि पुन्हा इनिटडीबी करा. खऱ्या हिशेबाचा डेटा या सर्व्हरवर कधीच ठेवू नका.

लाइन गेली तर आत काय होतं

कोड वाचायला कुठून सुरू करावं असं कोणी विचारलं तर मी इथून सांगतो, कारण हा प्रसंग आपल्याला रोजचा आहे.

अडत्याकडे रोजकीर्द आणि खतावणी असते. व्यवहार झाला की आधी रोजकीर्दीत ओळ पडते, खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर सावकाश जाते. दुकानाला मध्येच कुलूप लागलं तरी रोजकीर्द वाचून खतावणी पुरी करता येते. पोस्टग्रेसची रोजकीर्द म्हणजे वॉल, राइट-अहेड लॉग. ती पीजी_वॉल फोल्डरमध्ये सोळा सोळा एमबीच्या तुकड्यांत असते. व्यवहार पक्का (कमिट) झाला असं तुम्हाला कळण्याआधी वॉल डिस्कवर गेलेली असते. टेबलच्या फाइली मागाहून भरतात, आणि चेकपॉइंट झाला की तिथपर्यंतची खतावणी पूर्ण धरली जाते. साधारणपणे दर पाच मिनिटांनी तो होतो.

करून पाहा. कापूस नावाचं टेबल करा, त्यात लाखभर ओळी भरा आणि लगेच:

पीजी_सीटीएल -डी $होम/पीजीडेटा स्टॉप -एम इमिजिएट

ही झाली हाताने घडवलेली पडझड. पुन्हा स्टार्ट केलं की लॉगमध्ये इंग्रजीत ओळ येते, डेटाबेस नीट बंद झाला नव्हता, आपोआप रिकव्हरी चालू आहे. त्यानंतर रीडू कुठून सुरू झालं आणि कुठे संपलं ते दिसतं. लाख ओळी मोजून पाहा. मग एसआरसी/बॅकएंड/अ‍ॅक्सेस/ट्रान्सॅम मधली एक्सलॉगरिकव्हरी डॉट सी ही फाइल उघडा आणि लॉगमधली तीच वाक्यं तिथे शोधा. संदेशावरून कोडापर्यंत जाणं ही या कामातली सगळ्यात उपयोगी सवय आहे, "गिट ग्रेप" तेवढ्यासाठीच आहे.

पण हे खऱ्या लाइन जाण्यासारखं नाही. इथे ऑपरेटिंग सिस्टिम जिवंत असते, तिच्या मेमरीत राहिलेलं नंतर डिस्कवर जातं. डेस्कटॉपची लाइन गेली तर तेही जातं, तिथे एफसिंक, म्हणजे मेमरीतलं खरंच डिस्कवर लिहायला लावणं, कामाला येतं. चाचण्या लवकर व्हाव्यात म्हणून लोक एफसिंक बंद करतात. प्रयोगाच्या डेटावर करा. सोसायटीच्या किंवा बचत गटाच्या हिशेबावर केलंत आणि डीपी जळाली तर डेटा दुरुस्त होईलच असं कोणी सांगू शकत नाही.

आपल्यालाच दिसतील अशा गोष्टी

योगदान म्हणजे एकदम नवा इंडेक्स लिहायचा असं नाही. प्रकल्पाच्या विकीवर एक टूडू यादी आहे. नवखे तिच्यावर तुटून पडतात. तिथली बरीच कामं इतकी वर्षं पडून आहेत ती अवघड किंवा वादाची आहेत म्हणूनच. ती सोडा. मराठीत डेटा ठेवणाऱ्याला जे खटकतं ते बाकीच्यांना दिसतच नाही, तिथून सुरू करा.

टेबलाचं आणि रकान्याचं नाव देवनागरीत ठेवता येतं, अवतरण चिन्हही लागत नाही. पण नावाची मर्यादा ६३ बाइट आहे आणि देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट खातं. म्हणजे एकवीस चिन्हं, त्यात काना-मात्रा-वेलांटी आणि हलन्तही मोजा. मोठं नाव दिलं तर नोटिस देऊन कापलं जातं. "विदर्भ"ची लांबी विचारा, उत्तर सहा येतं.

क्रम पाहा. करंजी, कवठा, कळंब ही नावं घाला. सी लोकेलमध्ये (लोकेल म्हणजे भाषा-प्रदेशाचे नियम, सी म्हणजे कोणत्याच भाषेचे नाहीत) लावली तर कळंब हे कवठ्याच्या आधी येतं, कारण युनिकोडात ळ हा ल च्या शेजारी बसवलेला आहे. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. ऑर्डर बाय नाव कोलेट "एमआर-एक्स-आयसीयू" असं लिहिलं की कवठा आधी येतो, कळंब मागे. हे ज्ञान पोस्टग्रेसचं नाही, आयसीयूमधून येतं. इथे एक धडा आहे: गडबड दिसली की आधी ती कोणाची ते ठरवा. क्रमात चूक सापडली तर तक्रार युनिकोडच्या सीएलडीआर या भाषा-नियमांच्या संग्रहाकडे जाते.

"वऱ्हाड" हा शब्द दोघांनी टाइप करून एकमेकांशी ताडून पाहिला आणि उत्तर फॉल्स आलं, असं मी पाहिलं आहे. ऱ हा एक अक्षरांक म्हणूनही येतो आणि र व खालचा नुक्ता असा दोन तुकड्यांतही येतो. डोळ्याला फरक नाही. आवृत्ती १३ पासून नॉर्मलाइझ हे फंक्शन आहे, त्यातून गेल्यावर दोन्ही जुळतात. मात्र कोणी र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे अदृश्य जोडचिन्ह वापरून तो लिहिला असेल तर नॉर्मलाइझही हात टेकतं.

मग लाख-कोटी. एलसी_मॉनेटरी मराठी भारतीय लोकेलला ठेवून १२३४५६७ हा आकडा मनी प्रकारात छापा. १२,३४,५६७ हवं असतं, येतं १,२३४,५६७. लोकेलमध्ये "आधी तीन, मग दोन दोन" अशी नोंद असते, पण तिचं नाव, मॉन_ग्रुपिंग, शोधत गेलात तर एसआरसी/बॅकएंड/यूटिल्स/एडीटी मधल्या कॅश डॉट सी मध्ये पोचाल. तिथे त्या नोंदीतला पहिलाच आकडा उचललेला दिसेल. शिकण्यासाठी यासारखी जागा नाही. फाइल लहान आहे, चूक डोळ्यांना दिसते, बदल स्वतःच्या प्रतीत एका संध्याकाळी जमतो. पण पाठवण्याआधी विचार करा. मनी प्रकार वापरूच नका असं विकीवरच सांगितलं आहे, तेव्हा "हे दुरुस्त करून कोणाला फायदा?" हा प्रश्न येणार. उत्तर असेल तरच पाठवा.

मजकूर शोधातही असंच. पीएसक्यूएलमध्ये \डीएफ (यातला एफ कॅपिटल) टाइप केलं की नेपाळी, तमिळ, हिंदी दिसतात. आवृत्ती १७ मध्ये तरी मराठी नाही. त्यामुळे "शेतकरी" शोधलं तर "शेतकऱ्याला" सापडत नाही, आपली सामान्यरूपं त्याला ठाऊक नाहीत. हे काम मोठं आणि मोलाचं आहे, पण त्याचं दार स्नोबॉल नावाच्या, शब्दांची मूळ रूपं काढणाऱ्या वेगळ्या प्रकल्पाकडे आहे. पोस्टग्रेस तिथूनच घेतो.

आधी दुसऱ्याचा पॅच तपासा

गिटहबवर पुल रिक्वेस्ट करू नका, तिथे ती घेतली जात नाही. पॅच हॅकर्स या ईमेल यादीवर जातो आणि त्याची नोंद कमिटफेस्टमध्ये, म्हणजे पॅच तपासायच्या ठरलेल्या फेरीत, होते. कमिटफेस्ट वर्षातून पाच भरतात: जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी, मार्च. एप्रिलच्या सुमारास नवीन काही घेणं थांबतं आणि नवी आवृत्ती सप्टेंबर-ऑक्टोबरात येते. म्हणजे पेरणीपासून कापूस निघेपर्यंतच्या दिवसांत दोन-तीन फेऱ्या होतात.

स्वतःचा पॅच टाकलात तर तेवढ्याच आकाराचा दुसऱ्याचा एखादा तपासावा, अशी तिथली अपेक्षा आहे. मी म्हणतो उलटं करा, आधी तपासा. कमिटफेस्टमध्ये "नीड्स रिव्ह्यू" लिहिलेला लहान पॅच निवडा, त्यावरची सगळी मेल एका एमबॉक्स फाइलमध्ये उतरवून घ्या आणि नेट बंद करून वाचा. मग गिट अप्लायने पॅच लावा. लागतो का? वॉर्निंगशिवाय बांधला जातो का? मेक चेक पास होतो का? डॉक्युमेंटेशन बदललं आहे का? आणि सांगितलंय ते खरंच करतो का, हे विचित्र आकडे देऊन पाहा: शून्य, नल, उणे, देवनागरी.

मेलमध्ये अलंकारिक इंग्रजी नको. अमुक मशीनवर, अमुक कमिटवर पॅच लावला, हे चालवलं, हे आलं, मला हे अपेक्षित होतं. चार वाक्यं पुरतात. साधा मजकूर ठेवा, उत्तर ज्या ओळीचं आहे तिच्या खाली लिहा, आणि सगळ्यांना उत्तर द्या. तुमचं नाव कमिट संदेशात "रिव्ह्यूड-बाय" पुढे येऊ शकतं.

पॅच तयार करणं

वेगळी ब्रांच काढा. बदल जितका लहान तितका बरा. पोस्टग्रेसचा सी कोड टॅबने लिहितात, टॅबची रुंदी चार. माझ्या पहिल्या पॅचमध्ये बदल होता सहा ओळींचा, आणि एडिटरने सगळ्या फाइलचे टॅब काढून स्पेस टाकले. फरक तीनशेवर ओळींचा गेला. समोरच्याने सभ्यपणे विचारलं, "यातल्या कोणत्या सहा ओळी वाचू?" तेव्हापासून पाठवण्याआधी "गिट डिफ --चेक" चालवतो, डिफ स्वतः वरपासून खालपर्यंत वाचतो, आणि एसआरसी/टूल्स मधलं पीजीइंडेंट वापरतो.

वागणूक बदलली असेल तर चाचणी हवीच. एसआरसी/टेस्ट/रिग्रेस मध्ये एसक्यूएल आणि एक्स्पेक्टेड अशी दोन फोल्डर आहेत, दोन्हीकडे बदल करायचा. डॉक्युमेंटेशन डॉक/एसआरसी/एसजीएमएल मध्ये. चूक कळवणारा (एरर) संदेश लिहायचा असेल तर पहिलं अक्षर लहान, शेवटी पूर्णविराम नाही. नवीन फंक्शन घालत असाल तर त्याचा ओआयडी (ओळख क्रमांक) ८००० ते ९९९९ यांमधून घ्या, अनयूज्ड_ओआयडीज ही स्क्रिप्ट मोकळे आकडे सांगते. कॅटलॉगच्या आवृत्तीचा आकडा मात्र वाढवू नका, ते कमिटरचं, म्हणजे मूळ कोडात बदल घालायचा अधिकार असलेल्याचं काम.

गिट फॉरमॅट-पॅच -व्ही१ ओरिजिन/मास्टर

निघालेली फाइल मेलला जोडून पाठवा. सुधारणा झाली की व्ही२, व्ही३. मग कमिटफेस्टमध्ये नोंद करा. तिथली सीएफबॉट नावाची आपोआप चालणारी यंत्रणा पॅच लावून वेगवेगळ्या सिस्टिमवर चालवते, विंडोजवर फुटला तर तुम्हाला कळतं. सुरक्षेची खोट सापडली असेल तर यादीवर अजिबात लिहू नका, त्यासाठी वेगळा खाजगी पत्ता आहे.

जुना पण चोवीस तास चालू राहू शकणारा संगणक असेल, म्हणजे तालुक्याच्या ठिकाणी बऱ्या लाइनवर, तर बिल्डफार्ममध्ये (कोड तपासणाऱ्या मशीनच्या जाळ्यात) द्या. तो रोज ताजा कोड बांधून निकाल कळवतो. तिथल्या प्रत्येक मशीनला एखाद्या प्राण्याचं नाव मिळतं. आमच्या गावात हे सांगितल्यावर एका काकांनी "मंग आपल्या बैलाचं देऊन टाक" म्हटलं.

पाठवल्यावर शांतता पसरते. आठवडे जातात. तेवढ्यात बाकीचे कोड बदलत राहतात आणि तुमचा पॅच लागेनासा होतो. सीएफबॉट लाल दिसला की गिट फेच, गिट रिबेस ओरिजिन/मास्टर (आपला बदल ताज्या कोडावर पुन्हा बसवणं), अडलं तिथे हाताने सोडवा, मेक चेक, आणि पुढच्या आकड्याने पुन्हा पाठवा. फेरी संपली तर नोंद पुढच्या कमिटफेस्टात न्यावी लागते, तेवढं लक्षात ठेवा. आणि "वेटिंग ऑन ऑथर" असं दिसलं तर समजा, चेंडू तुमच्याकडे आहे. माझा एक पॅच असा पाच आठवडे पडून होता. मी तूर सोंगत होतो आणि मला वाटत होतं तेच लोक उत्तर देत नाहीत.